लाल दोऱ्याची गुंडाळी

माझ्या वडिलांचा माझ्यावर विश्वास होता की नव्हता, हे मला ते गेल्यावर दीड महिन्यानं कळलं. ते असताना विचारलं असतं, तर त्यांनी चष्मा काढून पुसला असता, परत डोळ्यांवर चढवला असता आणि म्हणाले असते, "बघू." हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. पाऊस येईल का, बघू. जेवायचं का, बघू. एकदा आईनं वैतागून विचारलं, "मी तुमची बायको आहे ना?" तेव्हाही सवयीनं त्यांच्या तोंडून बघूच निघालं आणि मग दोन दिवस घरात फक्त खिचडी झाली.

जुन्नरच्या पेठेत आमचं बियाण्यांचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. आता घरात मारवाडी फक्त आजीच्या म्हणींपुरतं आणि लग्नातल्या गाण्यांपुरतं उरलंय. आम्ही जैन, त्यामुळे पाणी गाळून पिण्याची रीत घरात पहिल्यापासून. वडिलांनी ती रीत माणसांनाही लावली. दुकानात नवा माणूस आला की ते त्याला स्टुलावर बसवत, चहा देत आणि हळूहळू गाळायला लागत. गाव कुठलं, विहीर कुठल्या अंगाला, मागच्या साली काय लावलं होतं, मग यंदा तेच का नाही. गिऱ्हाईक बी घ्यायला आलंय की चोरीचा कबुलीजबाब द्यायला, असं वाटायचं. निमगाव सावाचा एक शेतकरी एकदा म्हणाला, "शेठ, पोरीच्या सोयरिकीला गेलो तवा बी एवढं इचारलं नव्हतं राव." वडिलांनी लगेच विचारलं, "का नव्हतं विचारलं? काय लपवत होते ते लोक?"

माझं लग्न त्यांनी दोन गल्ल्या पलीकडे लावून दिलं. लांबच्या माणसाची चौकशी पुरी होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे मी सासरी गेले तरी सकाळी दहाला दुकानात हजर असायचे. शेतकीची पदवी घेतलेली मुलगी दुकानात बसते याचा त्यांना अभिमान होता, असं लोक मला सांगत. मला त्यांनी तसं कधी सांगितलं नाही आणि लोकांचं खरं मानायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

फोनवर तर त्यांची कमालच होती. फोनवरून लोकांना फसवतात हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं, तेव्हापासून माझाही फोन त्यांना संशयास्पद वाटायला लागला. मी कामानिमित्त पुण्याला जाऊन तिथून फोन केला की आधी विचारत, "तू कोण बोलतेस?"

"पप्पा, मी."

"मी तर कुणीही म्हणेल. आपल्या मांजरीचं नाव काय?"

"आपल्याकडं मांजर नाहीये पप्पा."

"हां. बोल बेटा."

त्यांनी जन्मभर कांद्याचं बी विकलं आणि कांदा कधी तोंडात घातला नाही. घरात कांदा येतच नसे. पण मालाची माहिती हवी, म्हणून ते शेतकऱ्यांना विचारत, अमुक वाणाचा कांदा चवीला कसा. कुणी गोड म्हणे, कुणी तिखट. मग ते दोघांनाही म्हणत, "तुम्ही एकाच कांद्याबद्दल बोलताय ना?" ओतूरकडच्या एकानं सांगितलं की त्याच्या उसातून बिबट्या आला आणि अंगणातला कुत्रा घेऊन गेला. आमच्याकडे बिबट्याचं कुणाला नवल नाही, सगळे हळहळले. वडिलांनी विचारलं, "कुत्रा त्या वेळी कुठं बघत होता?" तो माणूस बिचारा खरंच आठवायला लागला.

शेवटच्या दोन वर्षांत तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवरही संशय घेतला. मी त्यांना मंचरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं दिवे मारले, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, मशीनवर हनुवटी टेकवायला लावली आणि म्हणाला, "काका, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे. मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, काही करायची गरज नाही." पायऱ्या उतरता उतरता वडील म्हणाले, "याला काही कळत नाही."

"अहो, तुम्ही सगळ्यात खालची ओळ वाचली."

"वाचली. पण दिसतं ते बरोबर दिसतं का, हे त्याला काय माहीत? माझ्याकडं पुरावा आहे."

"कसला पुरावा?"

"आहे."

मग मी त्यांना घोडेगावला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. तोही तेच म्हणाला, तर वडील म्हणाले की हे दोघं एकाच कॉलेजात शिकलेले असणार. ही गोष्ट मी कितीतरी जणांना हसत हसत सांगितली आहे. आता सांगवत नाही, पण इथं सांगायलाच हवी.

एवढ्या संशयी माणसाला एक मित्र होता, हेच मुळात संशयास्पद होतं. येडगावला धरणाच्या पाण्याजवळ या मित्राची शेती आहे. वडील त्यांना नावानं हाक मारत नसत, 'दोस्त' म्हणत, म्हणून मी त्यांना दोस्तकाका म्हणायचे. या दोस्तीची सुरुवात भांडणातून झाली. मी तेव्हा शाळेत होते. दोस्तकाका दुकानात आले आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमचं बी मेलेलं हाय, शेठ." वडील म्हणाले, तुम्ही खोल टाकलं असेल. ते म्हणाले, येऊन बगा. वडील खरोखरच गेले. कांद्याचं बी ते केवढं, काळ्या मोहरीसारखं. घरून नेलेल्या चमच्यानं त्यांनी वाफ्यातली माती उकरली आणि बसून एकेक बी वेचलं. दोस्तकाका समोर उकिडवे बसून, हे शेठ खिशातून दुसरं बी तर टाकत नाहीत ना, यावर नजर ठेवून होते. दुपारपर्यंत दोघांनी मिळून शंभर बिया शोधल्या. निम्म्याहून जास्त मेलेल्या होत्या. वडिलांनी हात झटकले आणि म्हणाले, "तुमचं खरं आहे. माझं बी वाईट निघालं." दोस्तकाकांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "आसं लगीच कबूल करताय, म्हंजी तुमच्या मनात काय हाय?"

तिथं त्यांचं जुळलं. पुढे वडील जगात फक्त दोनच ठिकाणी पाणी प्यायचे, घरी आणि येडगावला. दोस्तकाकांच्या ओट्यावरच्या नळाला वडिलांसाठी पाणी गाळायचं पांढरं फडकं कायमचं बांधलेलं असे. काकू ते दर आठवड्याला धुऊन बांधायच्या.

त्या दिवसापासून वडिलांनी दुकानात एक नियम केला. कुठलंही बी आधी आपण उगवून बघायचं, मगच विकायचं. पाकिटावर काय छापलंय त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. जुन्या सुती धोतराचा ओला तुकडा घ्यायचा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर बिया मांडायच्या, कापडाची गुंडाळी करायची, दोऱ्यानं बांधायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. कांद्याची गुंडाळी नवव्या दिवशी सोडायची आणि मोड किती आले ते मोजायचं. ज्याला हे ठाऊक नाही त्याला हे सोपं वाटेल. बारीक पांढरा मोड पांढऱ्या कापडावर मोजून बघा एकदा.

मी दुकानात यायला लागले तेव्हा त्यांनी प्रत्येक मालाच्या दोन गुंडाळ्या करायला सुरुवात केली. त्यांची पांढऱ्या दोऱ्याची, माझी लाल दोऱ्याची. ज्यानं त्यानं आपापली मोजायची, आकडा चिठ्ठीवर लिहायचा, दोन्ही चिठ्ठ्या गल्ल्यावर पालथ्या ठेवायच्या आणि एकदम उलटायच्या. आकड्यांत दहाच्या वर फरक पडला तर माल थांबायचा, परत गुंडाळ्या. त्याच्या आत असला तर माल विकायला मोकळा. पदवी मिळाली त्या दिवशी वाटली नव्हती, तेवढी छातीत धडधड मला त्या चिठ्ठ्या उलटताना वाटायची. माझा आकडा त्यांच्या जवळ आला की मी त्यांच्याकडे बघायचे. त्यांनी एकदाही 'बरोबर' म्हटलं नाही. ते दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवत, लांबून बघत, जवळून बघत आणि म्हणत, "बघू."

मोड आलेलं बी ते फेकून देत नसत. उगवलेला जीव आहे, त्याला माती मिळाली पाहिजे, असं म्हणून दर गुरुवारी दुपारी ते स्कूटरवरून येडगावला जात. दोस्तकाकांनी त्यासाठी एक वाफा राखून ठेवला होता. त्यात कांदा, टोमॅटो, मिरची, कोबी सगळं एकत्र वाढायचं. दोघं म्हातारे वाफ्यात बसून मोड लावत आणि संध्याकाळच्या आत वडील परत येत. हे सगळं मला माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं.

तीन वर्षांपूर्वी एका गुरुवारी त्यांची पिशवी गल्ल्यावर राहिली होती आणि ते आत गेले होते. मी पिशवी उघडली. का उघडली असं विचारू नका, मी त्यांचीच मुलगी. आत डब्यात त्यांच्या गुंडाळीतले मोड सुटे करून ठेवलेले होते, ओल्या कापडाखाली नीट. आणि शेजारी माझी लाल दोऱ्याची गुंडाळी. ती मात्र सुटी केलेली नव्हती. न उगवलेल्या बियांसकट जशीच्या तशी परत गुंडाळून, वर माझाच लाल दोरा बांधलेला. मोड लावायचेच असतील तर मेलेलं बी येडगावला कशाला न्यायचं?

मी पिशवी बंद केली. पुढच्या गुरुवारी परत बघितली, त्याच्या पुढच्याही. दर वेळी तेच. एकच अर्थ निघत होता. माझी मोजणी येडगावला जाऊन परत मोजली जात होती. चिठ्ठ्या पालथ्या ठेवण्याचं नाटक माझ्यासमोर आणि खरा निवाडा धरणाच्या काठी, दोस्तकाकांसमोर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दहा वर्षं मी त्या दुकानात मान मोडून मोड मोजले होते. परक्या माणसावर संशय घेणं हा त्यांचा स्वभाव होता, त्याला मी हसत होते. पण मी परकी नव्हते.

सरळ विचारायचं सोडून मी त्यांच्यासाठी सापळा लावला. आमच्या घरात सरळ कुणी काही विचारतच नसे.

तो कांद्याचा माल होता. माझ्या गुंडाळीत अठ्ठ्याहत्तर मोड आले. मी दोनदा मोजले, अठ्ठ्याहत्तरच. आणि चिठ्ठीवर लिहिलं, एक्क्याण्णव. वडिलांची चिठ्ठी एक्क्याऐंशीची निघाली. फरक दहाचा, नियमात बसणारा. बी दोन्ही हिशोबानं चांगलंच होतं, त्यामुळे कुणा शेतकऱ्याचं नुकसान होणार नव्हतं, याची मी आधी खात्री करून घेतली होती. माझा हिशोब असा होता की येडगावला माझी गुंडाळी मोजली तर त्यांना तेरा मोड कमी सापडतील. मग ते येऊन मला धरतील, आणि मी म्हणेन, म्हणजे तुम्ही मोजता तर. नाही धरलं, तर मोजत नाहीत. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या बघितल्या, लांबून, जवळून. बघूसुद्धा म्हणाले नाहीत. पिशवी घेऊन गेले.

परत आले ते एका टोमॅटोच्या पिकअपमध्ये पुढं बसून. मी विचारलं, "स्कूटर कुठंय?"

"चालू होईना."

"मग आणायला कुणाला पाठवू?"

"बघू."

दुसऱ्या दिवशी येडगावचा एक जण स्कूटर घेऊन आला. एका किकमध्ये चालू होत होती. वडील त्या स्कूटरवर परत कधी बसले नाहीत. माझ्या आकड्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. आणि नवीन माल आला तेव्हा मी दोन तुकडे भिजवायला घेतले, तर त्यांनी एक तुकडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आता तूच मोज."

"आणि तुमची गुंडाळी?"

"एकच पुरे."

यावर मी आनंदी व्हायला हवं होतं. मी झाले नाही. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. यांना माझी लबाडी कळली आहे आणि हे मुद्दाम बोलत नाहीत. मला माझ्याच तोंडून कबूल करायला लावायचा बेत आहे. ते गल्ल्यावर बसून राहायचे, पाकीट माझ्यापुढे करायचे आणि म्हणायचे, "वाच बरं, काय लिहिलंय." मला वाटायचं, मी खरं वाचते का ते बघतायत. दोन वर्षं मी त्यांच्या तोंडाकडे बघत काढली. एखाद्या दिवशी चहा पिताना ते शांतपणे म्हणतील, बेटा, त्या दिवशी अठ्ठ्याहत्तर होते ना. तसं ते कधीच म्हणाले नाहीत. येडगावला मात्र जात राहिले, एसटीनं नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर, पिशवीत नुसते सुटे मोड घेऊन. त्या दोन वर्षांत मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, आणि ते म्हणाले, माझ्याकडं पुरावा आहे.

ते गेले हृदयविकाराच्या झटक्यानं, दुकानातच, सकाळी, पाकिटं लावताना. हातातलं पाकीटसुद्धा त्यांनी खाली ठेवलं होतं, पडू दिलं नव्हतं. फार चांगले होते हो माझे वडील. संशयी होते, कंजूषपणे बोलायचे, पण त्यांनी जन्मात कुणाला न उगवणारं बी विकलं नाही, आणि मला ताप आला की ते दोन-दोन थर्मामीटर लावायचे. मला त्यांच्याइतकं कुणी आवडलं नाही.

उठावण्याला, म्हणजे आमच्याकडच्या शोकसभेला, पेठ लोटली. पार मढ गावापासूनचे भातवाले शेतकरी आले होते. दोस्तकाका शेवटच्या ओळीत बसले, कुणाशी बोलले नाहीत, पाणी न पिता गेले. मी रडतानाही त्यांच्याकडे बघत होते. या माणसाला माझ्याबद्दल काय काय माहीत आहे, एवढंच माझ्या मनात होतं. दीड महिन्यानं त्यांचा फोन आला.

"ताई, तुझ्या बापाचं सामान हाय माझ्याकडं. घेऊन जा."

"कसलं सामान?"

"ये तू. फोनवर काय सांगू."

नवरा म्हणाला, चष्मा नाहीतर छत्री असेल. आई म्हणाली, एकटी जाऊ नकोस. मला वाटलं, आता निकाल लागणार. त्यांनी काहीतरी लिहून ठेवलं असणार, माझ्या चुका एकाखाली एक. मी एकटीच गेले.

ओट्यावर नळाला ते पांढरं फडकं अजून बांधलेलं होतं, धुतलेलं. काकूंनी पाणी दिलं. दोस्तकाका आतून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले आणि माझ्यासमोर उघडला. आत लाल दोरे होते. एकाला एक गाठ मारून केलेली लांबच लांब दोरी, नीट गुंडाळून ठेवलेली. आणि वर एक दोरा सुटा, गाठीत न बांधलेला.

"हे काय काका?"

"शेठची परीक्षा." ते माझ्यासमोर बसले. "त्यांना वाटाया लागलं व्हतं, नजर कमी व्हतीया. बियाचा धंदा, नजर गेली म्हंजी ऱ्हायलं काय? मंग म्हनले, दोस्ता, डोळे तपासायचे. मी म्हनलं, डाक्टर हाय की. तर म्हनले, त्याच्यावर कुनी इस्वास ठेवायचा? खरा आकडा आदी ठावा पायजे, मंग आपन मोजायचं आन जुळतंय का बगायचं. मी म्हनलं, खरा आकडा कुटून आनायचा? म्हनले, पोरीचा हाय ना."

मी डबा जवळ ओढला.

"तुजी गुंडाळी आनायचे. तुजा आकडा त्यांना ठावा. मंग हितं उनात बसून सोताचं सोता मोजायचे. जुळलं की तुज्या दोऱ्याची एक गाठ. एक-दोन हिकडं तिकडं झालं तर चालायचं. लई खूश व्हायचे गाठ मारताना. म्हनायचे, अजून दिसतंय बरं का मला."

"आणि हा सुटा?"

दोस्तकाकांनी वाफ्याकडे बघितलं. तिथं कांद्याची पात डुलत होती.

"त्या दिशी नाय जुळलं. तुजे एक्क्यान्नव, ह्यांचे अठ्ठ्याहत्तर. तीन येळा मोजलं त्यांनी. मी दोन येळा मोजलं. अठ्ठ्याहत्तरच. मी म्हनलं, शेठ, पोरीचंच चुकलं आसंल. तर माज्यावर डाफरले. म्हनले, तिचं चुकत नाय. तू आन मी म्हातारे झालो दोस्ता, आपले डोळे गेले. तवा स्कूटर बी हितंच ठिवली. म्हनले, आता कुनाला तरी उडवीन."

माझ्या वडिलांनी बिबट्याच्या गोष्टीत कुत्र्यावर संशय घेतला होता. दोन डॉक्टरांवर, पाकिटांवर, फोनवरच्या माझ्या आवाजावर घेतला होता. माझ्या आकड्यावर घेतला नाही. समोर उन्हात अठ्ठ्याहत्तर मोड पाच वेळा मोजून दिसले, तेव्हा त्यांनी स्वतःचे डोळे खोटे ठरवले, मित्राचेही ठरवले आणि माझा खोटा आकडा खरा मानून घरी आले. ते पाकीट पुढं करून म्हणायचे, वाच बरं, तेव्हा ते मला तपासत नव्हते. त्यांना ते वाचता येत होतं, पण आपलं वाचलेलं खरं मानायचं धाडस राहिलं नव्हतं. ते मी घालवलं होतं.

मी म्हणाले, "काका, तो आकडा खोटा होता."

"म्हंजी?"

"अठ्ठ्याहत्तरच होते. मी मुद्दाम एक्क्याण्णव लिहिले. ते माझी गुंडाळी परत मोजतात का, ते बघायला."

काकू आतून बाहेर आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. दोस्तकाकांनी एकेक डोळा झाकून वाफ्यातली पात बघितली. ते मला हाकलून देतील असं मला वाटलं, आणि दिलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी ते म्हणाले, "म्हंजी आमचे दोगांचे डोळे बरे व्हते."

"हो."

"मी बी तवापास्नं ट्रॅक्टरवर बसलो नाय."

मग त्यांनी डब्यातला सुटा दोरा घेतला, त्या लांब दोरीचं टोक शोधलं आणि गाठ मारायला लागले. दोरा बोटांतून निसटत होता, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही. गाठ बसली तशी त्यांनी ती ओढून बघितली, परत ओढून बघितली आणि डबा माझ्या हातात दिला. "घरी ने," म्हणाले. मला वर बघायची हिंमत होईना. मी चपला घातल्या, अंगण ओलांडलं, गाडीचं दार उघडलं. डबा सीटवर ठेवला आणि परत आले. मला ते विचारल्याशिवाय जाता येईना.

"काका, ते खरंच तसं म्हणाले होते? तिचं चुकत नाही, असं?"

दोस्तकाका ओट्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

"शेठचीच हाईस," ते म्हणाले. "म्हनले व्हते. मला बी खरं वाटलं नाय, म्हनून मी परत इचारलं. दोनदा म्हनले."